जाळी कुठे जोडायची?

“दादा, केबलची जाळी एकाच टोकाला जोडायची की दोन्ही टोकांना?” हा प्रश्न मला फोनवर किती वेळा आला असेल, मोजदाद नाही. विचारणारा नेहमी घाईत असतो. त्याच्या मागे पाहुण्यांचा नाहीतर ढोलाचा गलका असतो, आणि त्या गलक्याखाली फोनमधूनही कळावी अशी संथ घोंऽऽ. प्रोसेसर नवा, अँप नवे, केबल परवाच आणलेली, तरी घोंऽऽ. मी एकाला सांगितले, एकाच टोकाला जोड. दुसऱ्याला सांगितले, दोन्ही टोकांना जोड. तिसऱ्याला म्हणालो, केबलला हातच लावू नकोस, आधी प्लग बघ. तिघांचेही काम झाले. चौथा मात्र तिघांची उत्तरे गोळा करून घरी आला, चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, “म्हणजे नियम काय?” हे पुस्तक त्या चौथ्यासाठी लिहिले आहे.

प्रोसेसरपासून अँपपर्यंत जाणारी केबल पुष्कळदा रॅकच्या आतच असते, हात-दीड हाताची. एवढ्याशा तारेवर अख्खे पुस्तक कशाला, असे वाटत असेल तर एक हिशेब मांडून पाहा. मिक्सरचा मास्टर खाली ओढला, प्रोसेसर म्यूट केला, तरी घरघर हलत नाही. ती या दोघांच्या पुढे शिरलेली असते, त्यामुळे तिच्यावर कुणाचा फेडर चालत नाही. अँपचे काम आलेले व्होल्टेज वीस ते चाळीस पट करणे. तारेत १ मिलिव्होल्ट शिरले तर स्पीकरच्या टोकांवर ४० मिलिव्होल्ट होतात. एका वॉटला एका मीटरवर १०० डेसिबल देणारा स्टेजचा स्पीकर एवढ्यावरही ६३ डेसिबल काढतो. शेजारी बसून आपण बोलतो तेवढी ही पातळी. ५० हर्ट्झला कान तसा मंद, पण त्याच्याबरोबर येणारे १००, १५०, २०० ऐकायला तो चांगला तल्लख आहे.

या घरघरीला स्वर असतो आणि तो गवयांना आमच्याआधी कळतो. पेटी ४४० ला जुळलेली असली तर पांढरी पाचचा खालचा सा ४९ हर्ट्झला पडतो. आपली वीज ५० ची, म्हणजे घरघर त्या सा पेक्षा साधारण ३५ सेंटने चढी. पांढरी पाचला गाणाऱ्या बाईंना वाटते, कुणीतरी आपलाच षड्ज चढा धरून बसले आहे. काळी एकला गाणाऱ्या बुवांना तीच घरघर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या फटीत ऐकू येते, जिथे कुठल्याच रागाचे घर नाही. तानपुरे जुळवताना बुवा वर मान करून आमच्याकडे बघतात ते उगाच नाही.

मी हे उलव्यात बसून लिहितो आहे आणि उलवे या पुस्तकात जागोजागी शिरले आहे. इथे खाडीचा वारा आहे. उघडी राहिलेली तांब्याची जाळी एक-दोन पावसाळ्यांत हिरवी-काळी पडते, आणि वरून छान दिसणाऱ्या कॅनन पिनच्या आत तिचा भुगा निघतो. सिडकोच्या सेक्टरांतून खारकोपरला लोकल आली २०१८ मध्ये, ती पुढे उरणला पोचली जानेवारी २०२४ मध्ये. तिच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट, तेही ५० हर्ट्झचे. हार्बरची पनवेलपर्यंतची तार २०१६ पर्यंत १५०० व्होल्ट डीसीची होती हे जुन्या लोकांना आठवत असेल. आजच्या तारेतल्या या ५० हर्ट्झमुळे रुळांजवळच्या इमारतीत कुठे घरघर आली की दोष रेल्वेवर जातो. मी अशा घरी जातो, टीव्हीमागचा एक्स्टेंशन बोर्ड बाहेर ओढतो, आणि रेल्वे बहुधा निर्दोष सुटते.

इथल्या कामाचे दोन टोकांचे नमुने आहेत. एकीकडे आगरी-कोळी हळद, जनसेटवर चालणारी टॉप-बेसची भिंत, रात्रीत उभारायची आणि रात्रीत उतरवायची. दुसरीकडे नव्या टॉवरमधले होम थिएटर, जिथे फॉल्स सिलिंगमध्ये स्पीकर, कपाटात प्रोसेसर आणि मालकाचा आग्रह की काहीही न वाजता पूर्ण शांतता हवी. मधे गणपतीचे मंडळ, भजनी मंडळ, सोसायटीचा हॉल, आणि हल्ली बेडरूममध्ये लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करणारी मुले. बजेट एकमेकांशी जुळत नाहीत, तक्रार मात्र एकच.

एका हळदीची गोष्ट सांगतो. मंडप रस्त्यावर, खाली पेव्हर ब्लॉक, जनसेट कोपऱ्यात. एलईडी वॉलचे कनेक्शन एका बोर्डावरून आणि साउंडचे दुसऱ्या. पोरांनी रॅक लावला तेव्हा घरघर होती. मी पोचलो तेव्हा नव्हती. “कशी घालवली?” तर एकाने अभिमानाने अँपचा प्लग काढून दाखवला. वरची जाड, लांब अर्थची पिन मुळापासून कापलेली, वर कानस फिरवून गुळगुळीत केलेली. काम सुबक होते. मी मीटरचे एक टोक रॅकला आणि दुसरे मंडपाच्या लोखंडी ट्रसला लावले, आकडा नव्वदच्या आसपास. ट्रसला टेकून उभा असलेला पोरगा रॅकवर हात ठेवत म्हणाला, “हां, मुंग्या येतात थोड्या.”

त्या मुंग्या कुठून आल्या हे कळले की निम्मा विषय कळतो. हल्लीच्या अँपमध्ये स्विचिंग सप्लाय असतो. त्याचा कचरा गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून चासीकडे दोन बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. चासीला अर्थ नसेल तर ती या दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते, २३० च्या निम्म्याच्या आसपास. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून वाहतो तो प्रवाह सुमारे ०.३४ मिलिअँपिअर, म्हणून नुसत्या मुंग्या. अर्थ असती तर तो बिनबोभाट अर्थच्या तारेने गेला असता. आता त्याला दुसरी वाट शोधणे भाग, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रोसेसरकडे जाणारी सिग्नलची जाळी. पिन कापल्यावर घरघर गेली याचे कारण एक वर्तुळ तुटले. पण त्याच क्षणी त्या अँपचा जीवरक्षक म्हणून एक नाजूक जाळी उरली. उद्या आतली फेज सुटून चासीला टेकली तर सगळा प्रवाह तिच्यातून किंवा त्या पोराच्या हातातून जाणार. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ च्या मे महिन्यात स्वान्सीच्या रंगमंचावर अर्थिंगमधल्या दोषामुळे माइकला हात लागून गेला. तिथले प्रेक्षक कार्यक्रम बघायला आले होते.

आमच्या धंद्यात ‘अर्थ’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी भरल्या आहेत, आणि त्यातून अर्थाचा अनर्थ होतो. माणूस मरू नये म्हणून प्लगमधून येणारी हिरवी तार, ही एक. ज्याच्या तुलनेत सिग्नल मोजायचा तो उपकरणाच्या आतला शून्य, ही दुसरी. आणि बाहेरचा कचरा आत येऊ नये म्हणून तारेवर चढवलेली जाळी, ही तिसरी. तिन्ही कुठेतरी एकमेकींना भेटतातच. भांडण भेटण्याच्या जागेवरून आहे.

या तिघींखेरीज चौथी गोष्ट म्हणजे जमिनीतला खड्डा. लोकांना वाटते कोळसा-मीठ घालून खड्डा खोल केला, रॉड लांब ठोकला की घरघर जमिनीत जिरेल. उलव्यात हे पडताळून बघणे सोपे आहे. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात रॉडला सहज कमी ओहम मिळतात, डोंगराच्या बाजूच्या मुरूम-कातळात मिळत नाहीत. तरी घरघर दोन्हीकडे सारखीच येते आणि सारखीच जाते. आता तर शेजारी विमानतळ आहे. वरून जाणाऱ्या विमानाला अर्थिंगचा खड्डा कुठे असतो? त्यातल्या हेडफोनमध्ये घरघर नसते. खड्डा विजेपासून आणि दोषापासून वाचायला लागतो, तो चांगला हवाच. पण प्रोसेसर आणि अँप यांच्यातले भांडण जमिनीपर्यंत पोचतच नाही, ते रॅकमध्येच चाललेले असते. प्रवाह कचरापेटीत टाकता येत नाही. तो जिथून निघतो तिथे परत येतो, आणि आपल्या हातात फक्त त्याची वाट ठरवणे आहे. सगळे पुस्तक या एका वाक्याभोवती फिरते.

हे शहाणपण ऑडिओवाल्यांचे नाही, टेलिफोनवाल्यांचे आहे. मुंबईचे टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या जानेवारीत सुरू झाले. त्या काळी जगभर एकच तार टाकून परतीचे काम जमिनीवर सोपवायची रीत होती, तारायंत्रासारखी. शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्यावर फोन ऐकणे कठीण झाले, कारण त्यांचाही परतीचा प्रवाह त्याच जमिनीतून. ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच दोन तारांच्या जोडीचे पेटंट घेतले होते. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, म्हणजे बाहेरून जे काही शिरेल ते दोघींत सारखे शिरेल. पलीकडे फक्त दोघींतला फरक वाचायचा, सारखे आलेले आपोआप वजा. यालाच आज आपण बॅलन्स्ड म्हणतो. यात जाळीचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्या. टेलिफोनची पिळाची जोडी जाळीशिवाय मैलोन्मैल गेली. मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले ते याच विद्येवर, आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या मोटवानींच्या शिकागो रेडिओसारख्या मंडळींनी ती मैदानात आणली. मग जाळी कशाला? विद्युतक्षेत्र अडवायला. फॅरेडेने १८३६ मध्ये धातूचा पिंजरा करून आत बसून दाखवले, तेच तत्त्व. चुंबकीय क्षेत्राला ती जाळी ५० हर्ट्झला जवळजवळ दिसतच नाही. ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवलेली महागडी केबल घरघरते ती म्हणून. तिथे पीळ कामाला येतो किंवा सरळ दोन हात लांब सरकणे.

घरच्या सिस्टिमचे दुखणे असे की तिथे आरसीए असते, आणि आरसीएत जाळी हीच सिग्नलची परतीची तार. दोन चासींमध्ये १०० मिलिव्होल्टचा फरक पडला तर तो थेट गाण्यात मिसळतो, आणि गाणे स्वतः जेमतेम ३१६ मिलिव्होल्टचे. तोच १०० मिलिव्होल्टचा फरक बॅलन्स्ड जोडीवर, ६० डेसिबल नाकारणाऱ्या इनपुटला, ०.१ मिलिव्होल्ट होऊन उरतो आणि समोर गाणे १.२३ व्होल्टचे. डिश अँटेनाची तार गॅलरीच्या ग्रिलवरून, केबलवाल्याची तार गच्चीवरून, टीव्हीला एचडीएमआय, तिथून प्रोसेसर, तिथून अँप, आणि अँपचा प्लग वेगळ्या भिंतीवर. एवढे मोठे वर्तुळ आपण आपल्याच हाताने काढतो आणि मग हजारोंची केबल आणतो.

जाळीबद्दलच्या मतांना मी घराणी म्हणतो, कारण त्यांचे अनुयायी तसेच वागतात. सर्वांत जुने घराणे ‘एकाच टोकाला’ म्हणणारे. वर्तुळच नको, प्रश्न मिटला. ते पुढे दुभंगले. काही म्हणतात अँपच्या टोकाला जोडा. बिल व्हिटलॉकसारखे अभियंते म्हणतात पाठवणाऱ्याच्या, म्हणजे प्रोसेसरच्या टोकाला. जाळी आणि दोन तारा यांच्यातली कपॅसिटन्स कधीच अगदी सारखी नसते, आणि जाळी घेणाऱ्याच्या चासीला बांधली तर दोन्ही चासींतला फरक असमान होऊन सिग्नलमध्ये उतरतो, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. मात्र एका टोकाला मोकळी सोडलेली जाळी मोबाइलच्या लहरींना अँटेना होते, हेही खरे. जीएसएम फोनची ती २१७ हर्ट्झची टरटर ऐकली नाही असा साउंडवाला नसेल. यावर तोडगा म्हणून मोकळ्या टोकाला बारीक कपॅसिटर लावणारे उपघराणे निघाले. त्यातून लहरी जातात, ५० हर्ट्झ जात नाही.

दुसरे घराणे ‘दोन्ही टोकांना’ म्हणणारे, आणि त्याचा जाहीरनामा म्हणजे नील मन्सी यांचा १९९५ चा निबंध. मन्सींचे म्हणणे ऐकून मला स्वतःच्या जुन्या पाट्या कोऱ्या कराव्या लागल्या. ते म्हणतात, जाळीत प्रवाह वाहणे हा गुन्हाच नाही. गुन्हा उपकरणाच्या आत घडतो. पूर्वी कॅननची पिन १ चासीला बांधलेली असे, जाळीतला प्रवाह बाहेरच्या बाहेर जायचा. पुढे कनेक्टर सर्किट बोर्डावरच बसू लागले आणि पिन १ बोर्डाच्या सिग्नल ग्राउंडला जोडली जाऊ लागली. म्हणजे दारातला कचरा घरातून फिरवून मागच्या दाराने न्यायचा. याला ‘पिन वनचा प्रश्न’ म्हणतात. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २००५ च्या एईएस ४८ या मानकात पिन १ थेट चासीला, सर्वांत आखूड वाटेने, असे लिहून टाकले. मन्सींचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकाच्या ज्या अंकात आला, त्याच १९९५ च्या अंकात जॉन विंट यांनी उपकरण तपासायची स्वस्त युक्ती दिली. १२ व्होल्ट एसी देणारा जुना ट्रान्सफॉर्मर, ओळीने एक छोटा दिवा. एक टोक पिन १ ला, दुसरे चासीला, आणि कान स्पीकरकडे. पन्नास-शंभर मिलिअँपिअर फिरूनही काही ऐकू आले नाही तर उपकरण निरोगी. मी ही जोडणी साबणाच्या डबीत बसवली आहे. या पुस्तकातून एकच वस्तू बनवायची तर ती बनवा. दोन्ही टोकांना जोडणाऱ्यांनी फॉइलच्या केबलपासून तेवढे जपावे. तिच्यातली नागडी ड्रेन वायर एका तारेच्या अधिक जवळ पडते, आणि जाळीतला प्रवाह दोघींत कमीजास्त शिरतो. विणलेली जाळी त्या मानाने समदर्शी.

तिसरे घराणे ट्रान्सफॉर्मरवाल्यांचे. मध्ये लोखंडाचा गाभा, दोन गुंडाळ्या, धातूची भेट नाही, वादाला जागा नाही. मला हे घराणे सर्वांत सभ्य वाटते. खर्चिक आहे आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मर बेस खातो, एवढेच. चौथे, पिन कापणारे, त्याला मी घराणे मानत नाही.

कुणी म्हणेल, आता सगळे डिजिटल झाले, नेटवर्क केबलवरून ऑडिओ जातो, हे जुने पुराण कशाला? नेटवर्कच्या पोर्टमध्ये दोन्हीकडे बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून तिथे घरघर सहसा येत नाही. बेलची पिळाची जोडी तिथेही आहे. पण हौसेने शिल्डेड केबल आणि धातूचे कनेक्टर लावले की दोन चासी पुन्हा हस्तांदोलन करतात. आणि स्वस्त प्रोसेसरपासून महागड्या अँपपर्यंत शेवटचा हात-दीड हात आजही बहुतेक ठिकाणी ॲनालॉगच आहे. त्यात भर म्हणजे आजूबाजूचा कचरा वाढला. एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर, लिफ्टचे ड्राइव्ह, सगळे अर्थच्या तारेत थोडे थोडे सांडतात. दहा अँपच्या रॅकची आणि या सगळ्यांची गळती एकत्र झाली की ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर हळदीच्या ऐन रंगात पडतो. मग कुणीतरी तोही बायपास करतो.

पुस्तकाची मांडणी मी कार्यक्रमाच्या क्रमाने ठेवली आहे: वीज कुठून येते इथून सुरुवात, जनसेटच्या न्यूट्रलपासून, आणि कॅनन पिनमधल्या कथलाच्या थेंबापर्यंत. सूत्रे कमी आहेत, ओहमचा नियम आणि गुणाकार येणाऱ्याला पुरतील. चित्रे भरपूर आहेत, आणि प्रत्येक चित्रात प्रवाहाची वाट बाणाने दाखवली आहे, परतीचीही. पी-३८ पासून कॅनन, आरसीएपासून कॅनन अशा जोड्यांचा तक्ता शेवटी आहे, पण तो तोंडपाठ करून पुस्तक मिटणाऱ्याचे काम फार दिवस चालणार नाही. तांब्याची शुद्धता, दिशेचे बाण छापलेल्या केबली, सोन्याचे मुलामे यांवर मी लिहिलेले नाही. त्यावर बोलायला दुकानदार समर्थ आहेत. आवाज किती मोठा असावा, रात्री दहानंतर काय, हाही इथला विषय नाही. इंग्रजीत या विषयावर राल्फ मॉरिसन आणि हेन्री ऑट यांचे ग्रंथ आहेत, ज्यांना पुढे जायचे त्यांनी ते गाठावेत. माझा खटाटोप त्या पोरांसाठी आहे ज्यांना हे रात्री अकराला, टॉर्च दातात धरून, मराठीत समजून घ्यायचे असते.

आता चौथ्याच्या प्रश्नाचे उत्तर. बॅलन्स्ड जोडी, विणलेली जाळी, निरोगी उपकरणे आणि सगळे प्लग एकाच बोर्डावर असतील तर दोन्ही टोकांना जोडा. तरीही घरघर आली तर पिन १ तपासा. दोषी उपकरण बदलता येत नसेल तर अँपच्या टोकाची जाळी सोडा, प्रोसेसरची ठेवा. आरसीएला जाळी सोडता येत नाही, तिथे ट्रान्सफॉर्मर लावा किंवा सगळे एका बोर्डावर आणा.

पान उलटण्याआधी मात्र उठा आणि आपल्या पेटीतले सगळे प्लग बाहेर काढा. ज्याची जाड पिन कापलेली असेल तो आजच बदला. पुस्तक कुठे जात नाही.

उलवे, ता. पनवेल